मोतीरामला उभं कोणी केलं?

आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी मोतीराम नावाच्या चौदा वर्षांच्या पोराला फसवलं, आणि फसवायला त्यांनी हात वापरला तो माझा. हे आधीच लिहून टाकतो. माणूस म्हातारा झाला की सांगता सांगता भलतीकडे वळतो, आणि मला हे भलतीकडे वळू द्यायचं नाही. संपादक म्हणाले, दिवाळी अंकाचा वाचक जरा हलकंफुलकं मागतो. मागू दे. गिऱ्हाईक मागेल तेच देत राहिलो असतो, तर मी आजही दुसऱ्याची गुरं वळत असतो.

हेडमास्तरांचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. केनवडहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, एवढं पुरे. हेडमास्तर स्वतः पहिल्याच ओळीला ओळखतील. ते अजून ठणठणीत आहेत आणि छापलेलं सगळं वाचतात.

मी मूळचा बैलबाजारातला दलाल. प्लेगात आईबाप गेले तेव्हा मला दात पडून नवे येत होते. लोकांच्या कोठ्यात शेण काढलं, बैलांपाशी झोपलो. मिसरूड फुटायच्या आत पहिली जोडी विकून दिली. पुढे केनवडच्या बाजारात आणि पोहरादेवीच्या जत्रेत किसन दलाल आला की नाही हे विचारूनच लोक दावं सोडत. मग एका हेकट बैलानं गुडघ्यावर लाथ मारली. बाजार फिरायचा पाय गेला. शाळा कमिटीचे अध्यक्ष माझ्याकडून बैल घेत. त्यांनी मला शाळेत चपराशी लावून दिलं. टोल द्यायचा, पाणी भरायचं आणि न येणारी पोरं घरून आणायची, एवढं काम. वाचायला मी तिथंच शिकलो, वर्गाच्या दाराबाहेर उभा राहून. पहिलीपासून चौथीपर्यंत माझी पाच वर्षं गेली, पण नापास कधी झालो नाही, कारण परीक्षा कोणी घेतली नाही.

त्या वेळी पोरं आणायची रीत म्हणजे टांगाटोळी. वरच्या वर्गातली चार दांडगी पोरं पाठवायची; दोघांनी हात धरायचे, दोघांनी पाय. गावातून वरात काढत आणायचं आणि मास्तरांपुढे टाकायचं. बाया दारात येऊन हसत, कुत्री भुंकत मागं येत. पहिले सहा महिने मीही हेच केलं. ते मी लपवत नाही. एका पोरानं माझ्या अंगठ्याला चावा घेतला, त्याची खूण अजून आहे, आणि ती मला शोभते.

अशी आणलेली पोरं दोन दिवस बसत आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा नसत. मला तेव्हा कळायला हवं होतं. बुजलेला बैल ओढून पुलावर नेला, तर तो त्या दिवशी जातो. दुसऱ्या दिवशी पूल नुसता दिसला तरी बसतो. हे मी शंभर लोकांना सांगून बैल विकले होते. पोरांच्या बाबतीत माझं मलाच आठवलं नाही.

न येणारी पोरं दोन जातींची असतात. एक, चुकार. हे शाळेच्या वेळी ओढ्यावर, चिंचेखाली, कुठंही सापडतं, फक्त घरी सापडत नाही. याला दम दिला की येतं. दुसरं, भ्यालेलं. हे घरातच असतं, आईच्या पदराजवळ नाहीतर कोठ्यात. याचं पोट खरंच दुखतं, उलटी खरीच होते. शनिवारी दुपारी बरं होतं आणि रविवारी दिवस कलला की पुन्हा दुखायला लागतं. लोक म्हणतात सोंग करते. सोंग करणाऱ्याचे तळहात गार पडत नाहीत. मी आधी हात पाहायचो, मग पोराकडे पाहायचो.

भ्यालेलं पोर बोलत नाही, ही खरी अडचण. बाप ओरडतो, आई रडते, शेजारीण चौकशीला येते आणि सगळे मिळून विचारतात, "काहून रे, काहून नाई जात?" एवढ्या लोकांत मलासुद्धा सांगता आलं नसतं.

असंच एका दुकानदाराच्या पोराकडे बसलो होतो. तासभर झाला, पोर मान वर करेना. कंटाळून मी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला. ती बाजारातली सवय. बैलाचा सौदा तोंडानं करत नाहीत. दलाल रुमालाखाली हात धरतो, विकणारा त्याची बोटं दाबून आकडा सांगतो, मग तसंच घेणाऱ्याशी. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा तिघांतच राहतो. मी पोराला म्हटलं, "बोलू नोको. हात दे. आज किती तास बसशीन, तेवढी बोटं धर." पोरानं रुमालाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि हात आत घातला. माझं एक बोट धरलं. मी दोन धरली. त्यानं पुन्हा एक. मी म्हटलं, एक तर एक. त्या दिवशी तो एक तास बसला आणि तास संपल्याबरोबर मी त्याला घरी सोडून आलो. मास्तर चिडले. मी म्हटलं, बोलीत एकच तास होता.

तेव्हापासून माझा हा धंदा झाला. आज एक तास, पुढच्या सोमवारी दोन. दाराजवळ बसायचं की भिंतीशी, कोणाच्या शेजारी, लघवीला न विचारता जायचं की विचारून, सगळं रुमालाखाली ठरायचं. आकड्यासाठी बोटं, बाकीचं मी हळू विचारायचो, आणि होकार असेल तर पोरानं हात दाबायचा. नियम बाजारातलाच: दाबलेला हात मोडायचा नाही. त्यानंही नाही, मीही नाही. ज्या दलालानं एकदा मोडला, त्याच्या रुमालात पुढच्या बाजारी कोणी हात घालत नाही.

सगळं रडण्याचंच होतं असं नाही. सोळा वर्षांचा एक पठ्ठ्या चौथीत होता. तालमीतलं अंग, ओठावर मिशी, लग्न झालेलं. तो एकाएकी यायचा थांबला. बाप म्हणे भूतबाधा आहे. रुमालाखाली अर्धा तास घासाघीस केली तेव्हा कळलं, त्याची सासुरवाडी शाळेसमोर होती आणि मास्तरांनी अंगठे धरायला लावलं की मेव्हण्या खिडकीतून पाहत. त्याला वर्गाच्या आतल्या कोपऱ्यात बसवला. भूत उतरलं. पुढे तो मला दरवर्षी हुरड्याला बोलवायचा आणि सासुरवाडीचा विषय निघाला की दुसरीकडे पाहायचा.

आता मोतीराम.

त्याचे वडील उकंडाजी. पाच-सहा एकर जमीन, बैलजोडी एक, तीही मीच घेऊन दिलेली. मोतीराम सहावीत. त्याचं अक्षर असं होतं की कमिटीचे अध्यक्ष आणि खुद्द हेडमास्तर घरचे अर्ज लिहायला त्याला बोलवायचे. सातवीची फायनल पास झाला असता तर मास्तरकी मिळाली असती. त्या घरात तोपर्यंत कोणाला पगार माहीत नव्हता. सगळ्या घराचा डोळा त्या एका परीक्षेवर होता.

आणि मोतीराम पोळ्यापासून शाळेत येत नव्हता. मी गेलो तेव्हा तो कोठ्यात गव्हाणीमागे बसला होता. उकंडाजी बाहेर उभा.

"आठ दिस झाले किसनभाऊ. सकाळी दप्तर घेते, उंबऱ्यापाशी जाते आन उलटी करते. वैद्य झाला, अंगारा झाला. मी दोन फोकही देल्ले."

"मंग फरक पडला?"

"माह्या हाताले पडला. दुखून राह्यला."

मोतीरामची आई आतून म्हणाली, "तुमी त्याले उचलून नेऊ नोका, बापा. तो जीव देईन."

मी गव्हाणीशी जाऊन बसलो. हात गार, अगदी पाण्यातून काढल्यासारखा. रुमाल टाकला. पहिल्या दिवशी त्यानं एकही बोट धरलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "तास नोको. शायेच्या फाटकापासून टोलाच्या लिंबापर्यंत यायचं आन वापस. मी संगं." त्यानं हात दाबला. आम्ही गेलो, लिंबाला हात लावला, परत आलो. लोक हसले. मी एकाच्या अंगावर धावून गेलो, मग हसणं थांबलं.

दसऱ्याच्या आधी तो तीन तास बसू लागला, दाराशी. तेव्हा मी विचारलं, "भेव काय्चं, ते आता सांग." तो बराच वेळ माझं मनगट धरून राहिला. मग रुमालाकडे पाहत म्हणाला, "उभं राह्यचं."

"म्हंजे?"

"मास्तर उभं करते, वाच म्हनते. उभं राह्यलं का मले अक्षरं दिसत नाईत. गया बंद होते, आवाज निंघत नाई. श्रावणात झालं तसं. सारे हासले. मास्तरनं मले सुट्टी होईलोक बाकावर उभं ठेवलं."

"बसून वाचशीन?"

"बसून समदं पुस्तक वाचीन."

"मंग बोली काय?"

त्यानं सावकाश सांगितलं. तो पूर्ण दिवस बसेल. सगळं लिहील. पण दिवाळीपर्यंत त्याला कोणी उभं करायचं नाही. दिवाळीनंतर तो स्वतः सांगेल.

चांगला सौदा होता. पूर्ण दिवस म्हणजे मी महिन्याभरात मिळेल असं धरलंही नव्हतं. पण उभं करणं न करणं माझ्या हातात नव्हतं. ते हेडमास्तरांच्या हातात; सहावीचा वर्ग तेच घेत. बाजारात घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात कधी धरत नाहीत. दोघंही दलालाचा धरतात. म्हणून मी हेडमास्तरांकडे गेलो आणि त्यांच्या टेबलावर रुमाल टाकला.

ते हसले. "किसन, ही शाळा आहे. बैलबाजार नाही."

"सौदा तर सौदाच हाय, मास्तर. पोरगं पुरा दिवस बसते. तुमी दिवाळीपर्यंत त्याले उभं करायचं नाई. कोनासमोर नाई. डिप्टी साहेब आले तरी नाई."

"आणि साहेबांनीच सांगितलं तर?"

"गया बसला म्हना. पोरगं हाय, गया बसते."

त्यांनी रुमालाखाली हात घातला, माझा हात दाबला आणि तोंडानंही म्हणाले, "कबूल. जा आता, टोल दे." हे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. त्यात एक अक्षर माझं नाही.

मी तिथून थेट मोतीरामकडे गेलो. त्याचा हात धरला आणि हेडमास्तरांनी दाबला होता तेवढाच जोर देऊन दाबला. म्हटलं, "झालं."

तो आला. रोज आला. दहा वाजता सगळ्यांच्या आधी दाराशी बसलेला असायचा. डबा खाऊ लागला. एका दुपारी मी त्याला शेजारच्या पोराशी हसताना पाहिलं आणि त्या आनंदात टोल पाच मिनिटं आधीच दिला. त्याबद्दल बोलणी खाल्ली.

मग डिप्टी साहेब येणार असल्याचा निरोप आला. हे शाळा तपासणारे साहेब. त्यांच्या एका शेऱ्यावर मास्तरांच्या बदल्या, बढत्या ठरायच्या. आमच्या हेडमास्तरांचा जीव तालुक्याच्या मोठ्या शाळेत अडकला होता, हे गावाला माहीत होतं. आठ दिवस आधी भिंतींना चुना लागला. मला नवा रुमाल मिळाला, तो मी वापरला नाही. आदल्या दिवशी मी हेडमास्तरांना मुद्दाम आठवण दिली. ते नकाशाची दोरी सोडवत होते. म्हणाले, "आहे लक्षात, आहे."

साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. सहावीच्या वर्गात बसले, गणितं घेतली, वह्या मागवल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होतो. माझ्या डाव्या गुडघ्याशी मोतीराम बसलेला. साहेबांनी वह्या चाळता चाळता एक थांबवली. निबंध वाचला, पान उलटून पुन्हा वाचला.

"हा कोणाचा?"

हेडमास्तर खुलले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. बाजारात तीस वर्षं तोंडं पाहिली आहेत. माणूस बोलीवरून घसरायच्या आधी त्याचे डोळे एकदा बाजूला जातात. त्यांचे गेले. माझ्याकडे आले आणि लगेच परतले.

साहेब वाचून दाखवा म्हणाले नव्हते. उभं करा म्हणाले नव्हते. त्यांनी फक्त कोणाचा एवढं विचारलं होतं. नाव सांगितलं असतं तरी भागलं असतं.

"मोतीराम, ऊठ," हेडमास्तर म्हणाले. "साहेबांना वाचून दाखव."

मोतीरामनं हेडमास्तरांकडे पाहिलं नाही. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी काय केलं ते लिहितो. मी तांब्या धरून उभा राहिलो. मामलेदाराच्या तोंडावर बोली मोडली म्हणून ओरडलेला माणूस मी. भर जत्रेत दोन पैलवानांच्या मध्ये पडलेला. पण कोट घातलेल्या साहेबापुढे चपराशानं बोलायचं नसतं, हे माझ्या अंगात कधी शिरलं होतं ते मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. घसा बसलाय साहेब, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी म्हटले नाहीत.

तो उठला. भिंत धरून उठला. वही कोणीतरी त्याच्या हातात दिली. साहेब वाट पाहत होते. बाहेर लिंबावर कावळा ओरडत होता, तेवढाच आवाज. मोतीरामच्या मानेवरून घाम उतरताना मला दिसत होता. त्याचे ओठ हलले, पुन्हा हलले.

"वाच ना," हेडमास्तर म्हणाले.

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. वही खाली पडली.

साहेब म्हणाले, "असू द्या. बसवा त्याला."

इथं प्रकरण संपलं असतं. पोरगं बसलं असतं, मी पाया पडून दुसऱ्या दिवशी नवा सौदा केला असता. पण हेडमास्तरांचा चेहरा पडला होता आणि तो त्यांना सावरायचा होता. ते साहेबांकडे वळून म्हणाले, "मंदबुद्धी आहे, साहेब. निबंध कोणाचा तरी उतरवलेला दिसतो. मी चौकशी करतो."

सबंध वर्गासमोर.

मोतीरामनं खाली वाकून वही उचलली, ती नीट बाकावर ठेवली आणि माझ्या बाजूनं दारातून बाहेर गेला. पळाला नाही. चालत गेला. मी त्याच्या मागं जायला वळलो तर हेडमास्तर म्हणाले, "किसन, साहेबांना पाणी." आणि मी पाणी दिलं.

दिवस मावळायच्या आत उकंडाजी शाळेत आला. पोरगं घरी आलं नव्हतं. सकाळ उजाडताच आम्ही विहिरींत गळ टाकायला सुरुवात केली. गळ म्हणजे पडलेली बादली काढायचे लोखंडी आकडे. गावात सात विहिरी. प्रत्येक विहिरीपाशी मोतीरामची आई काठावर उभी राहायची आणि गळ वर येताना दुसरीकडे तोंड करायची. तिसऱ्या विहिरीत गळाला काहीतरी जड लागलं. उकंडाजीनं दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तुमी ओढा. माह्यानं होत नाई." मी ओढला. मोडकं मोटेचं चाक निघालं. त्या बाईनं खाली बसून मातीत हात घासले.

सातही विहिरी झाल्या. दुसऱ्या दिवशी एका गाडीवानानं निरोप आणला: मानोऱ्याकडच्या एका तांड्यातली माणसं कापूस वेचायला निघाली आहेत, त्यांच्यात असं असं पोरगं आहे. आम्ही गाडी जुंपली. उकंडाजीनं वाटेत बैलांना एकदाही चाबूक लावला नाही, नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवून होता. ते आपणच धावत होते.

तांड्याच्या तोंडाशी मोतीराम एका म्हातारीचं गाठोडं बांधून देत होता. बापाला पाहून उभा राहिला. उकंडाजीनं त्याला पोटाशी धरलं. मग मी पुढं झालो आणि, दुसरं काही येत नव्हतं म्हणून, रुमाल काढला.

त्यानं दोन्ही हात काखेत घातले.

"मोतीराम, बापा, त्यानं मले फसोलं," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मले त्याईची बोली माहीत नोती. मले तुमची माहीत होती." आणि मग, "किसनकाका, तुमी मले इकलं."

उकंडाजी म्हणाला, "असं बोलू नाई मोठ्या मानसाले." मी म्हटलं, बोलू द्या.

तो बापाबरोबर घरी आला, शाळेत कधीच आला नाही.

मी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो तेव्हा ते अहवालाची नक्कल काढत होते. विचारलं, हात कायले दाबला होता? ते मान वर न करता म्हणाले, "मी गंमत म्हणून हात दिला. तुमच्या बाजारातली बोटं मला कळत नाहीत."

"तोंडानं कबूल म्हनले तेही बोटंच होते काय?"

"किसन, पायरीनं राहा."

मग मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. टोलाची हातोडी मी शाळेच्या आवारातून फेकली, ती कौलावर पडली, चार कौलं फुटली. कमिटीनं मला काढलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कौलं मी फोडली होती. हेडमास्तरांना तालुक्याची शाळा मिळाली.

पुढं मी हेच काम मोकळेपणानं केलं. खेड्यांतून, तांड्यांतून लोक भ्यालेलं पोर घेऊन माझ्याकडे येत. जमलं तिथं जमलं. काही पोरं शाळेपेक्षा शेतातच सुखी होती, त्यांच्या बापांना मी तसं सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. पोराशी सौदा अजून रुमालाखालीच होतो. मास्तरांकडून मात्र मी कागदावर सही घेतो. अक्षरं शिकल्याचा मला झालेला हा सगळ्यात मोठा फायदा.

हे जुनं उकरून आता का काढतो, असं कोणी विचारील. कारण ते जुनं झालेलं नाही.

मोतीराम आज तिशीचा आहे. शेती करतो. गावातल्या मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवतो, फुकट, स्वतःच्या ओसरीवर, बसून. वीसेक माणसं येतात. आता जिल्ह्याच्या बोर्डाला त्या गावात मोठ्या माणसांची रात्रीची शाळा काढायची आहे आणि गावानं मास्तर म्हणून त्याचंच नाव दिलं. बोर्ड म्हणतं, फायनल पास हवा. त्याची बाहेरून बसायची तयारी आहे. तोंडी परीक्षेचं विचारलं तर म्हणाला, "पाहू. आता पडलो तर माह्या पायानं पडीन." त्यासाठी जुन्या शाळेचा दाखला लागतो. तो आणायला, त्याच्या नकळत, मी गेलो. इतक्या वर्षांनी त्या फाटकातून आत गेलो.

नवे हेडमास्तर सज्जन आहेत. त्यांनी दाखल-खारीजचं रजिस्टर काढून माझ्यापुढं उघडं केलं. मोतीराम उकंडाजी. शाळा सोडल्याचं कारण, सुंदर अक्षरात: "मंदबुद्धी. लबाडीनं निबंध उतरवला. जाब विचारताच पळून गेला."

नवे हेडमास्तर म्हणाले, "किसनराव, रजिस्टरात आहे तेच मला दाखल्यावर लिहावं लागतं. ज्यांनी लिहिलं त्यांनीच चूक झाली असं लिहून दिलं तर मी वरून दुरुस्तीची मंजुरी आणीन." मी त्या जुन्या हेडमास्तरांना तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. चौथ्या वेळी स्वतः गेलो. त्यांच्या मुलानं दारातूनच सांगितलं, बाबा शिक्षणावरच्या भाषणाची तयारी करत आहेत.

म्हणून हे छापून विचारतो.

मास्तर, त्या दिवशी दारात उभं राहून मी गप्प बसलो. माझ्या तीन शब्दांनी पोरगं वाचलं असतं. त्याचा जाब मी मोतीरामला दिला, त्याच्या ओसरीवर जाऊन, त्याच्या बायकोपुढे. त्यानं मला माफ केलं की नाही ते त्यानं सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. माझ्या वाट्याचं एवढं झालं.

तुमच्या वाट्याचं राहिलं आहे. परीक्षेचे अर्ज दिवाळीनंतर थोडेच दिवस घेतात. निबंध त्याचा नव्हता, हे तुम्हाला कशावरून कळलं? चौकशी करतो म्हणालात, ती केव्हा केलीत, कोणाला विचारलंत? त्याच वर्षी तुमच्या घरचे तीन अर्ज त्याच पोराकडून लिहून घेतलेत, ते कोणावरून उतरवले होते? पोरगं लबाडी उघडी पडली म्हणून गेलं किंवा तुम्ही शब्द मोडलात म्हणून गेलं, दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. खरं कोणतं, ते तुमच्या त्या सुंदर अक्षरात लिहून शाळेत पाठवा.